दहात सहा उगवले

फोन ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवता आला असता, तर वच्छलाबाईनं तोही ठेवला असता.

आमच्याकडे पेरणीआधी सोयाबीनचं बियाणं तपासून पाहतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरं गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि आठवडाभर पाणी शिंपडत राहायचं. मग उलगडून किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं. सत्तरच्या वर आले तर नेहमीसारखी पेरणी, कमी आले तर जरा दाट पेरायचं. वच्छलाबाईच्या घरी हे काम दुसऱ्या कुणाला मिळत नसे. पोरगा म्हणायचा, "आई, पिशवीवर सारं छापलेलं आहे." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "छापलेलं तं लग्नपत्रिकेवरही असते. नवरदेव तसाच निघते काय?"

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय असा की अभ्यासासाठी एआयला जवळ करावं की लांब ठेवावं. "आजी, तू मास्तरीण होतीस. मला विरुद्ध बाजूनं चार मुद्दे दे ना." मी म्हटलं, बाई गं, माझ्याकडे मुद्दे नाहीत, वच्छलाबाई आहे. तर ती म्हणाली, "तिचा इथं काय संबंध?" म्हणून हे लिहायला बसले.

वच्छलाबाई माझी शेजारीण. शेगावच्या अलीकडे आमचं गाव. मधे एक कमरेएवढी भिंत, अलीकडे मी, पलीकडे ती. अर्ध्या एकरात वांगी, मेथी, सांबार लावायची आणि आठवडी बाजारात विकायची. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हे पुढे कामाला येणार आहे.) अंगानं बारीक, आवाजानं जाड. तिला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेली की झाकण दिसेल ते उचलून पाहायची. डाळीचं पातेलं, लोणच्याची बरणी, दळणाचा डबा, काही सुटायचं नाही. माझ्या सासूबाई चिडायच्या. ती म्हणायची, "खात नाही मी. पाह्यतो फक्त. काय आहे त्यात हे समजलं पाह्यजे का नाही?" अशी बाई, आणि अक्षरओळख शून्य. जगातलं एवढं मोठं झाकण तिला उचलता येत नव्हतं.

तिचं दुःख मात्र एकच होतं, आणि ते दर वर्षी माघात, महाराजांच्या प्रकटदिनी वर यायचं. त्या दिवशी आमच्या देवळाच्या ओसरीत पोथीचं पारायण असतं. एकवीस अध्याय, एकवीस बाया. एकीनंतर एकीनं आपापला अध्याय मोठ्यानं वाचायचा. अध्याय वाटताना कुणीतरी सहज म्हणायचं, "वच्छला, तू चुलीकडे पाह्य." मग ती ओसरीमागच्या खोलीत भाकरी थापत बसायची. पिठलं, भाकर, अंबाडीची भाजी. चाळीस वर्षं तिच्या हातचा प्रसाद आम्ही बोटं चाटत खाल्ला, आणि चाळीस वर्षांत एकीनंही विचारलं नाही की तुला वाचायचं आहे का. त्यांत मीही आले. किंबहुना मी पहिली.

तीन वर्षांपूर्वी तिच्या सुनेनं, रेखानं, स्वतःचा जुना फोन तिला दिला. त्यात बोललं की उत्तर देणारं ते एआय घालून दिलं. म्हणाली, "आई, आता वाचाची गरजच काय? याच्यासमोर कागद धरा, हा वाचून दाखवते. पोथीसुद्धा वाचते." तिला वाटलं, सासूचं कोडं सुटलं.

वच्छलाबाईनं फोन उलटापालटा करून पाहिला. त्याला झाकण नव्हतं. मग भिंतीवरून मला हाक मारली. "मास्तरीण, इकडे ये. याची उगवण पाहू."

"याची कसली उगवण?"

"दहा गोष्टी इचारतो. मले ठाऊक आहेत अशाच. पाहू किती निघते."

त्या दुपारी आम्ही दोघी तिच्या अंगणात फोनसमोर बसलो. तिच्याकडे दहा हरभऱ्याचे दाणे. बरोबर आलं की दाणा उजवीकडे, चुकलं की डावीकडे. वांग्याचे शेंडे मलूल होऊन खाली वाकले तर काय करावं, हे तिनं विचारलं. फोन म्हणाला, आत अळी असते, शेंडे खुडून नष्ट करा. दाणा उजवीकडे. सांबार कधी पेरावा, असं विचारलं तर त्यानं तूरडाळ, चिंच आणि मोहरीची फोडणी सांगितली. दाणा डावीकडे. मग ती म्हणाली, "आमच्या गावाबद्दल सांग." त्यानं अगदी आदबीनं सांगितलं की हे गाव इथल्या प्राचीन किल्ल्यासाठी आणि गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या गावात पाण्याचा नळ दोन दिवसांआड येतो, तोही थंड. वच्छलाबाई इतकी हसली की दाणा पायरीखाली गेला. "मास्तरीण, चाल, उद्या किल्ला पाहाले जाऊ. तू येवढे वर्ष शिकवून राह्यली, पोरायले किल्ला काऊन नाही दाखवला?"

नववा प्रश्न होता, "माह्या सासूचं नाव काय?"

फोन म्हणाला, "मला ते माहीत नाही. तुम्ही सांगाल का?"

तिनं दाणा उजवीकडे ठेवला. मी म्हटलं, "अगं, त्याला आलं कुठं उत्तर?"

"नाही आलं, म्हणून नाही म्हणाला." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू कधी म्हणाली होती का, मले नाही येत म्हणून?"

ते मला झोंबलं. पण का झोंबलं, ते तेव्हा कळलं नाही.

शेवटी दहात सहा उगवले. तिनं दाणे ओच्यात टाकले आणि निकाल दिला. "पेराले हरकत नाही. पण दाट पेरा लागीन." म्हणजे एकच गोष्ट त्याला दोन-तीनदा विचारायची, वेगवेगळ्या तऱ्हेनं, आणि मग जी सगळीकडून सारखी येईल तेवढीच धरायची. बाजारात ती भाव असाच काढत असे. तिनं फोन नाकारलाही नाही, डोक्यावरही घेतला नाही. कमी उगवणीचं बियाणं म्हणून घरात ठेवला.

मला वाटलं, आता ही रेखाचं ऐकेल, फोनकडून पोथी ऐकत बसेल. मी तर आधीच ठरवून टाकलं होतं की हे यंत्र म्हणजे शिकण्याच्या मुळावर घाव. निवृत्त शिक्षिकेला असली वाक्यं फुकट सुचतात. पण चार दिवसांनी भिंतीपलीकडून आवाज आला. वच्छलाबाई फोनला विचारत होती, "हा 'क' असाच काऊन आहे? कोणं ठरवलं?"

मी कान लावला. फोन सांगत होता की फार जुन्या काळी दगडावर कोरलेला क हा बेरजेच्या खुणेसारखा होता, एक आडवी रेघ आणि एक उभी. पुढे माणसं बोरूनं लिहू लागली, हात वळत गेला, रेघा वाकत गेल्या, आणि शेकडो वर्षांनी आजचा क झाला.

"म्हणजे वापरून वापरून असा झाला," वच्छलाबाई म्हणाली. "आमच्या गवत कापाच्या इळ्यासारखा."

मी भिंतीवरून डोकावले. मला खरंच कौतुक वाटलं होतं. "वच्छलाबाई, काय छान प्रश्न विचारलास गं!"

ती शांतपणे म्हणाली, "हाच तुले इचारला होता."

आणि मग मला आठवलं.

मी चोवीस वर्षांची होते. नुकती नोकरीला लागलेली, खांद्याला पर्स, पर्समध्ये एक पेन आणि बाकी सगळा तोरा. शाळेत दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी नवी साडी नेसून जायची आणि काळ्या फळ्यासमोर अशी उभी राहायची, जणू बाराखडी मीच शोधून काढली आहे. तिसऱ्या दिवशी मागच्या ओळीतली एक नवी नवरी उठली आणि म्हणाली, "बाई, हा क असाच काऊन आहे? कोणं ठरवला?" मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायची तर माझी पर्सच गळून पडली असती. मी म्हटलं, "चेष्टा करायची असेल तर घरी करा. इथं सांगितलं तेवढं गिरवायचं." बायका फिदीफिदी हसल्या. ती नवरी पाटी ठेवून निघून गेली. वर्ग संपल्याचा अहवाल मी सुवाच्य अक्षरात लिहिला. त्यात 'एक महिला घरगुती अडचणीमुळे गळाली' असं लिहिलेलं अजून आठवतं. घरगुती अडचण कोण होती, ते त्यात नव्हतं.

पुढे आम्ही शेजारणी झालो. एकमेकींची बाळंतपणं केली, एकमेकींच्या सासवा शिव्या देऊन म्हाताऱ्या केल्या. त्या दुपारबद्दल ती एका शब्दानं बोलली नव्हती. मी तर विसरूनच गेले होते.

"मग आतापर्यंत बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू शेजारीण चांगली होती," ती म्हणाली. "मास्तरीण खराब होती."

त्या दिवसापासून मी तिला शिकवू लागले. म्हणजे मला तसं वाटत होतं. खरं तर तिनं आम्हा दोघांना कामाला लावलं होतं, मला आणि त्या फोनला. सकाळी भाजी काढून झाली की ती फोनसमोर बसायची. एक अक्षर दहा वेळा विचारायची, आणि तो दहाव्या वेळीही तितक्याच गोडीनं सांगायचा. "वच्छलाताई, तुम्ही" असं बोलायचा. ती खूश. "येवढ्या इज्जतीनं तं माहा नवराही नाही बोलला." मला त्या फोनचा हेवा वाटायचा. चौथ्यांदा तीच चूक झाली की माझ्या कपाळावर आठी येते, आणि मला आठी लपवता येत नाही. त्याला कपाळच नाही.

सहा-सात महिने गेले. एके दिवशी ती पोथी घेऊन माझ्याकडे आली, मांडी घातली, पहिला अध्याय उघडला आणि बोट ठेवून वाचू लागली. न अडखळता, खणखणीत. माझे डोळे भरून आले. मनात मी गावच्या सरपंचाकडून तिचा सत्कार घडवून आणला, आणि त्याच समारंभात माझंही नाव घ्यायला लावलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला तरी तिनं पान उलटलं नाही. बोट शेवटच्या ओळीवरून परत पहिल्या ओळीवर आलं होतं आणि तोंड दोन पानं पुढे गेलं होतं.

"वच्छलाबाई, पान!"

ती थांबली. पानाकडे पाहिलं. चूक पकडली गेली की माणसं लाजतात. हिचा चेहरा मात्र झाकण उचलल्यासारखा झाला.

"ऐकून ऐकून पाठ झालं ना," ती सावकाश म्हणाली. "मले वाटलं मीच वाचून राह्यली." आणि मग पोथीवरचं बोट उचलून, "मास्तरीण, फोनचंही असंच असीन काय? त्यानंही लय ऐकलं आहे. धडाधडा बोलते. मंग वाचते कोण?"

मी आजही त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. पण एवढं सांगते, या वेळी मी म्हटलं, "मले नाही माहीत." तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. बेचाळीस वर्षांनी माझा दाणा उजवीकडे गेला.

त्यानंतर तिनं पोथी गुंडाळून ठेवली आणि पाठ नसलेलं जे मिळेल ते वाचायला घेतलं. खताची गोणी, औषधाची चिठ्ठी, एस.टी.ची पाटी, भजी गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा. रेखा म्हणायची, "आई, फोनले दाखवा ना, पटकन सांगीन." ती म्हणायची, "त्यानं सांगतलं तं त्याले येईन. मले कवा येईन?" आता फोननं वाचायचं नाही, हिनं वाचायचं आणि फोननं ऐकायचं, असा तिनं पाट बदलला होता.

एकदा तिनं मला बोलावून गंमत दाखवली. बियाण्याची पिशवी फोनसमोर धरली आणि मुद्दाम भलतंच वाचलं, निम्मे शब्द गाळले, निम्मे मनाचे घातले. फोन म्हणाला, "अरे वा, वच्छलाताई! खूप छान वाचलंत!"

"पाह्यलं?" ती म्हणाली. "बाजारात एखादी बाई मेथीले हात न लावता 'लय चांगली आहे, लय चांगली आहे' म्हणते ना, तिले घ्याची नसते. घेणारी काड्या मोडून पाह्यते, नाक मुरडते." मग माझ्याकडे बोट केलं. "तू नाक मुरड. हा शाबासकी देईन. दोघं मिळून एक मास्तर होते."

असा अर्धा मास्तर होण्याचा मान मला सत्तरीला टेकता टेकता मिळाला.

मागच्या माघात अध्याय वाटायला आम्ही ओसरीत बसलो. कुणीतरी सवयीनं म्हणालं, "वच्छला, तू चुलीकडे..." ती उठून उभी राहिली. "औंदा मी वाचतो."

मंदाताई, म्हणजे आमच्यातली वयानं मोठी, प्रेमानंच म्हणाली, "वाच ना माय. पहिला घे, तुले पाठच आहे."

"पाठ आहे म्हणूनच नाही पाह्यजे." ती माझ्याकडे वळली. "मले हिचा दे."

माझा अध्याय चौदावा. चाळीस वर्षं मीच वाचत आले होते, आवाजाला जरा शिक्षिकेचा पीळ देऊन. तो यायचा नेमका दुपारी, भाकरी थापायच्या वेळेला. त्यामुळे पोथीतला तो एकच तुकडा असा होता, जो वच्छलाबाईच्या कानावर कधीच पडला नव्हता. चुलीच्या धुरात आणि भाकरीच्या थापांत तो दर वर्षी बुडून गेला होता. त्यात काय आहे, तिला ठाऊक नव्हतं.

"निदान आधी चार वेळा वाचून बघ," मी म्हटलं. "नाहीतर फोनला विचार, तो सारांश सांगेल." होय, मीच म्हटलं. मुळावर घाव म्हणणारी मी.

"पेरलं का मंग उकरून पाहू नाही," ती म्हणाली.

तेव्हा मंदाताईनं हसत मला म्हटलं, "बाई, मंग आता तुम्ही चुलीकडे पाहा."

पारायणाच्या दिवशी भाकरी मी थापल्या. एकही गोल नव्हती. तेराव्या अध्यायाला वच्छलाबाई आत आली, माझ्या भाकरीकडे पाहून काही बोलली नाही, हे तिचे उपकार. कमरेचा फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "हा ठेव. मधातच बोलला तं गोंधळ होईन." माझे हात पिठाचे. मी पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं, फोन आत ठेवला आणि झाकण लावलं. मग तवा चुलीवर तसाच सोडून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिले.

तिनं पोथीला हात जोडले. बोट ठेवलं. पहिला शब्द यायलाच इतका वेळ लागला की बाहेर एक गाय हंबरून गेली. मग दुसरा शब्द. मग तिसरा. बायका चुळबुळल्या. त्यांना सगळ्यांना पुढचं पाठ होतं. एका ठिकाणी वच्छलाबाईचं बोट थांबलं आणि थांबलेलंच राहिलं. मंदाताईला राहवलं नाही, तिनं हळूच पुढचा शब्द सुचवायला तोंड उघडलं.

वच्छलाबाईनं वर न पाहता डावा हात वर केला. "सांगू नोका बायाहो. थांबा. मी येऊन राह्यली."

आम्ही थांबलो. ती आली. शब्द तिचा तिनं गाठला आणि पुढे निघाली.

माझ्या आवाजात तो अध्याय पाव तासाचा. तिला पाऊण तास लागला. आणि मधेच, फुटक्या नावेचं भोक नदी स्वतः हातानं दाबून धरते त्या ओवीला, ती थांबली, अडली म्हणून नव्हे. तिनं पोथीतून डोकं वर काढलं आणि आम्हा सगळ्यांना विचारलं, "असं झालं होतं काय?" आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. चाळीस वर्षं मी तो अध्याय सुरात, पिळासकट वाचला होता. तिथं तसं झालं होतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. पान मी वेळच्या वेळी उलटत होते, एवढाच आमच्या दोघींत फरक.

अध्याय संपला. ती उठली, सरळ मागच्या खोलीत आली आणि सवयीनं पहिलं दिसलं ते झाकण उचललं. पिठातून फोन काढला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "वाचला बे अध्याय."

"अरे वा, वच्छलाताई!" फोन म्हणाला. "खूपच सुंदर वाचलंत!"

"तू तं पिठात होता."

ती पोट धरून हसली. मग फोन कमरेला खोचला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मागच्या ओळीतून उठून आल्यासारखी. "तू सांग."

मला खूप काही सांगायचं होतं. पण मी अर्धा मास्तर होते, आणि माझं काम ठरलेलं होतं. मी नाक मुरडलं. "तीन जागी अडखळलीस."

"चार," ती म्हणाली. तिचा चेहरा काय फुलला होता! "एक तुले समजलीच नाही. तुही भाकर करपून राह्यली होती, तवा तू आत पळाली."

दुसऱ्या दिवशी मी लेकीकडे पुण्याला गेले, ती तीन महिन्यांसाठी. चैत्रात रेखाचा फोन आला. वच्छलाबाई वावरातून आली, पाणी प्याली, पडली आणि गेली. त्यामुळे माझ्याकडे तिची शेवटची आठवण आहे ती पारायणाच्या दुपारची. रिकामी परात काखेत, साडीला पिठाचे पांढरे पंजे, ती देवळाच्या आवारातून घराकडे चालली आहे. मी मागून ओरडले, "तीनच होत्या!" तिनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त हात डोक्याच्या वर उंच केला आणि वळणापर्यंत चार बोटं तशीच धरून ठेवली.